येऊ दे… येऊ दे… बस

पुतण्यानं गाडीत नवी अँड्रॉइड स्क्रीन बसवून घेतली, त्या दिवसापासून घरात दुसरा विषय उरला नाही. जेवण झालं रे झालं की स्वारी गाडीत. भाची मागच्या सीटवर, पाय वर घेऊन. त्या रात्री मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ लावून तो स्क्रीनच्या आतल्या मेनूत शिरायच्या खटपटीत होता. फॅक्टरी सेटिंग म्हणतात त्याला. ऐऱ्यागैऱ्यानं उघडू नये म्हणून पासवर्डमागे दडवलेलं असतं.

काका फाटक लावायला बाहेर आले आणि काचेतून वाकून बघू लागले.

"काय उद्योग चाललाय?"

"आतली सेटिंग उघडतोय, काका. गाडीचा कॅमेरा, आवाज, सगळं आतून बदलता येतं."

"परक्याच्या घरात शिरताना निदान दार तरी वाजवावं रे."

"स्क्रीनचं दार कुठून वाजवायचं, पुढून की मागून?" भाचीनं विचारलं, आणि दोघं खिदळली.

काका हसले नाहीत. पुढचं दार उघडून ते शेजारच्या सीटवर बसले. "बंद कर ती. एक सांगतो. ऐकीव नाही. जिच्या बाबतीत घडलं ती पोरगी माझ्या ओळखीची, आणि ज्या गाडीत घडलं ती गाडी मी या हातांनी तपासली आहे."

अपघात झालेल्या गाड्या तपासण्यात काकांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. पुतण्यानं मुकाट्यानं स्क्रीन बंद केली.

त्या पोरीला सगळे ठिणगी म्हणत. कामाच्या पहिल्याच दिवशी उलटी वायर जोडून तिनं फ्यूज उडवला, भुवई थोडी भाजून घेतली आणि वर दादालाच विचारलं, "तुझ्या दुकानातल्या वायरींवर खुणा का नाहीत?" नाव तिथंच चिकटलं. दुकान दादाचं, तिच्या थोरल्या भावाचं. गाड्यांच्या स्क्रीन, स्पीकर, कॅमेरे. दादा गिऱ्हाइकाशी साखर पेरून बोलायचा, आणि ही डॅशबोर्डात कोपरापर्यंत हात घालून काम करायची. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी होती, हातात कला होती, जिभेला मात्र हाड नव्हतं. गिऱ्हाईक चुकीचं बोललं की ही त्याला तिथल्या तिथं सुनवायची, आणि मग दादा चहा मागवायचा.

कामाच्या तिच्या दोन सवयी होत्या. स्क्रीन बसवली की आतल्या मेनूचा कंपनीचा पासवर्ड बदलून ती आपला टाकायची. कारण गिऱ्हाईक घरी जाऊन व्हिडिओ बघतं, नको तिथं बोट घालतं आणि दुसऱ्या दिवशी बोंब मारत दुकानात येतं. दुसरी सवय म्हणजे आतल्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवायचा. कोणत्या गाडीला काय लावलं, उद्या प्रश्न आला तर उत्तर हाताशी हवं.

गोदामवाल्या मालकांची मोठी पांढरी गाडी आली त्या दिवशी मात्र ती तिसरी गाडी होती, आणि काम संपेपर्यंत ठिणगीचा फोन मेला होता. फोटो राहिला. एकदाच राहिला. नेमका तिथंच.

त्यानंतर चौथ्या दिवशी, दिवस मावळताना, मालकांनी गोदामाच्या आवारात गाडी मागे घेतली आणि मागे उभा असलेला राखणदार भिंत आणि गाडी यांच्यामध्ये चिरडून गेला.

त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत असेल. ट्रकवाले, हमाल, मालकसुद्धा त्याला शिट्टीबाबा म्हणायचे. आवारात कुठलीही गाडी मागे घ्यायची असली की बाबा मागे हजर. खाकी कोट, तोंडात शिट्टी, एक हात वर. आखूड शिट्ट्या म्हणजे येत राहा. एक लांब म्हणजे थांब. कधी शिट्टी काढून तोंडानंच ओरडायचा, "येऊ दे… येऊ दे… बस!" बावीस वर्षांत त्याच्या 'बस'च्या पुढे एकही चाक गेलं नव्हतं.

मालकांनी जबाब दिला तो दोन वाक्यांचा. रिव्हर्सला स्क्रीन काळी पडली, मला काही दिसलं नाही. आणि म्हातारा भिंतीला टेकून झोपला होता. पहिल्या वाक्यानं त्यांनी ठिणगीला अडकवलं. दुसऱ्यानं मेलेल्या माणसाला.

आता स्क्रीन काळी कशी पडते ते ऐका, म्हणजे पुढचं कळेल. कॅमेरे दोन जातींचे असतात, साधे आणि एचडी. गाडीला जो लावलाय तोच प्रकार आतल्या मेनूत निवडावा लागतो. लावला एचडी आणि मेनूत राहिला साधा, तर रिव्हर्स टाकल्यावर काळा पडदा. मालकांच्या गाडीला एचडी लावला होता. मेनूत काय निवडलं होतं? ठिणगीला शपथेवर सांगता येईना. हात आपोआप चालतात तिथं डोकं नोंद ठेवत नाही. फोटोही नव्हता.

तीन आठवडे ती नीट झोपली नव्हती. शेवटी एका दुपारी बाबाची बायको दुकानात आली. दादानं खुर्ची दिली, ती बसली नाही. सरळ ठिणगीसमोर उभी राहिली.

"मला भांडायचं नाही, पोरी. एवढंच सांग. तू केलंस का गं?"

आणि जिच्या तोंडाला कधी झाकण नव्हतं, ती ठिणगी गप्प उभी राहिली.

"सगळे म्हणतात, हे झोपले होते," मावशी म्हणाली. "बावीस वर्षांत एक रात्र डोळा लागला नाही या माणसाचा. घरी दिवसा झोपायचे तेसुद्धा बसून." आणि ती निघून गेली.

ती नोव्हेंबरची बारा तारीख, गुरुवार. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तपासनीस गाडी बघायला येणार होते. रात्री साडेदहाला दादाचा फोन वाजला. बोलणं संपवून तो हसतमुखानं आत आला.

"मालकांचा होता. रागावलेले नाहीत गं. म्हणतात, स्क्रीन पुसून द्या, पहिल्यासारखी कोरी. तक्रार मागे घेतो. पासवर्ड तुझा आहे ना, म्हणून तुलाच बोलावलंय."

"आत्ता? साडेदहाला?"

"सकाळी तपासणी आहे ना."

"दादा, अरे तुला कळतंय का ते काय मागतायत? पुसलं की कॅमेऱ्याचा प्रकार मूळ जागी जातो. साध्यावर. मग सकाळी रिव्हर्स टाकल्यावर तपासनीसाला काय दिसेल?"

दादाचं हसू मावळलं. "काळी स्क्रीन."

"म्हणजे त्यांचं खोटं मी माझ्या हातानं खरं करून द्यायचं. वर आभार मानायचे."

"आणि समज…" दादा चाचरत म्हणाला, "समज, तू आधीच साधा ठेवला असलास तर?"

घाव वर्मी बसला. ती थोडा वेळ बॅगेच्या चेनशी झटापट करत राहिली.

"म्हणून तर जातेय. बघायला. पुसायला नाही."

"मी येऊ?"

"तू येशील आणि त्यांना चहा विचारशील. झोप तू."

अकरा वाजून वीस मिनिटांनी ती गोदामाच्या फाटकापाशी स्कूटरवरून उतरली. आत मालकांचा मेहुणा टॉर्च घेऊन उभा होता. गळ्याभोवती मफलर, त्याच्या आत मान, मानेच्या आत जेमतेम आवाज.

"आलात? चला, चटकन उरका. मला इथं थांबायला आवडत नाही."

"का हो? भूत आहे का?"

"असं बोलू नये रात्रीचं."

आवार मोठं. एका बाजूला पत्र्याचं गोदाम, समोर उंच भिंत, भिंतीवर एकच दिवा. पांढरी गाडी भिंतीकडे पाठ करून दहाएक फुटांवर उभी होती. वर धुळीचा थर.

"एवढी धूळ? कुणी हलवलीच नाही?"

"पोलिसांनी परत दिली तशी उभी आहे. पुराव्याची वस्तू ना."

"मग पुसायला कशी चालते हो पुराव्याची वस्तू?"

मेहुण्यानं खोकून घेतलं. "मालकांनी सांगितलंय पुसायचं, म्हणजे पुसायचं. मी समोर उभं राहून बघायचं, असंही सांगितलंय."

"बघा की. डोळे तुमचेच आहेत."

ती गाडीत बसली. किल्ली फिरवली, इंजिन सुरू केलं नाही. स्क्रीन उजळली, आणि पेनड्राइव्हमधलं गाणं अर्ध्यातूनच धडाडून सुरू झालं. एवढ्या मोठ्यानं की दारं थरथरली. मालकांना गाणं असंच लागायचं. तिनं आवाज कमी केला, सेटिंग उघडली, तळाशी गेली. फॅक्टरी सेटिंग. पासवर्ड.

कॅमेऱ्याचं पान उघडलं.

एचडी.

बरोबर होतं. पहिल्यापासून बरोबर होतं. तीन आठवडे छातीवर बसलेला दगड उतरला, आणि तिला एकदम रडूच आलं. नाक पुसून तिनं आधी फोटो काढला, मग दुसरा, मग हात स्थिर करून तिसरा.

आता चित्र बघायचं राहिलं. कॅमेरा बरोबर असला तर रिव्हर्सला भिंत दिसली पाहिजे. तिनं ब्रेक दाबला, गिअरचा दांडा रिव्हर्सवर ओढला.

भिंत दिसली. स्वच्छ. दिव्याचा पिवळा उजेड. जमिनीवरचे खडे.

आणि एक माणूस.

ठिणगीला वाटलं, मेहुणा मागे गेला. "ओ, बाजूला व्हा ना," ती ओरडली.

"मला म्हणताय?" आवाज तिच्या कानाशी आला. मेहुणा तिच्याच खिडकीशी उभा होता. टॉर्च छातीशी धरून.

तिनं आरशात पाहिलं. मागे कुणी नाही. मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. भिंत, दिवा, मोकळी जागा.

स्क्रीनवर पाहिलं. उभा होता.

खाकी कोट. एक हात वर. दिवा पाठीशी, त्यामुळं चेहरा काळा. फक्त गाल दिसत होते. फुगलेले.

तिनं दांडा मागे ढकलला. मेनू परत आला. श्वास घेतला. पुन्हा रिव्हर्स.

उभा होता. एक पाऊल जवळ.

"फोटो नाही काढला तिनं?" भाचीनं मागून विचारलं. पाय तिनं कधीच खाली घेतले होते.

"काढला," काका म्हणाले. "फोटोत भिंत आली."

ठिणगी घाबरली नव्हती असं कुणी समजू नका. पण तिचा एक स्वभाव होता. भीती वाटली की तिला राग यायचा. आणि राग आला की ती पळण्याऐवजी बघायची. तिनं बघितलं. गाल फुगत होते, बसत होते. फुगत होते, बसत होते. तो काही तरी फुंकत होता. जीव तोडून फुंकत होता. तिच्यापर्यंत येत होतं फक्त गाणं.

गाणं… रिव्हर्समध्ये गाणं कसं वाजतंय?

कारण रिव्हर्स टाकला की या स्क्रीनवरचं गाणं आपोआप बंद पडतं. आतल्या मेनूत तशी ओळच आहे, 'रिव्हर्समध्ये आवाज बंद', आणि तिच्यापुढं टीक असते. ड्रायव्हरला बाहेरचं ऐकू यावं म्हणून. ती पुन्हा मेनूत गेली. आवाजाचं पान.

ओळ होती. टीक नव्हती.

आणि तिला सगळं आठवलं. संध्याकाळची वेळ. मालक सीटवर रेलून बसलेले. "पोरी, गाडी मागे घेताना गाणं मध्येच तुटतं बघ. मजा जाते. ते बंद होतं का?" तिला घरी जायचं होतं. वाद घालायचा कंटाळा आला होता, आयुष्यात पहिल्यांदा. "होतं की," ती म्हणाली होती. आणि बोटानं एक टीक काढून टाकली होती.

उतरलेला दगड परत छातीवर बसला.

"पुसलं का?" मेहुणा म्हणाला.

"नाही."

"अहो, मग करताय काय इतका वेळ?"

"पुसणार नाही."

"हे बघा, मालकांनी…"

"मालकांना सांगा, कॅमेरा बरोबर आहे. त्यांना दिसत होतं. आणि ऐकू येत नव्हतं ते का, तेही मला कळलंय. हे असंच राहणार. सकाळपर्यंत."

मेहुणा चिडला. भित्रा माणूस चिडला की दांडगाई करतो. त्यानं दार उघडलं, तिच्या अंगावरून हात घातला आणि मेनूत सगळ्यात खाली असलेलं 'सर्व पुसा' दाबलं. तिनं त्याचं मनगट धरलं. स्क्रीनवर चौकट आली. खात्री आहे? हो. नाही.

दुसऱ्या हातानं त्यानं 'हो'वर बोट टेकवलं.

काही झालं नाही.

पुन्हा टेकवलं. जोरात. चौकट तशीच.

"अडकली वाटतं…"

तेवढ्यात गाणं थांबलं.

टीक नव्हती. दांडा रिव्हर्सवर नव्हता. तरी गाणं थांबलं. आवारात इतकी शांतता झाली की दिव्याची गुणगुण ऐकू यायला लागली.

मेनू गेला. भिंत आली.

म्हातारा कॅमेऱ्याला लागून उभा होता. स्क्रीनभर कोट. कोटाचं एक बटण. वर केलेला हात, चित्राच्या बाहेर गेलेला.

मेहुण्याचं बोट अजून काचेवर होतं.

शिट्टी वाजली.

आखूड. आखूड. आखूड.

स्पीकरमधून नव्हे. मागून. मोकळ्या जागेतून.

मग एक लांब… संपतच नव्हती. कुणाचा श्वास एवढा पुरत नाही.

मग तीही थांबली. आणि दोघांच्याही कानांशी, अगदी साध्या आवाजात, रोजच्या कामाच्या आवाजात…

"बस."

मेहुण्यानं टॉर्च टाकली. मफलर टाकला. फाटकाकडं धावता धावता एक चप्पलही टाकली. फाटक आपटल्याचा आवाज आला, मग स्कूटरचा. ती ठिणगीची होती, किल्ली तिलाच लटकत होती. घाबरलेल्या माणसाला आपलं-परकं कळत नाही.

ती एकटी उरली. दार उघडं. स्क्रीनवर तो कोट. त्याच्यावरचं बटण श्वास घेतल्यासारखं वर-खाली होत होतं.



"बाबा," शेवटी ती म्हणाली. आवाज फाटला, तो तिनं सावरला. "मी पुसणार नाही. कुणालाही पुसू देणार नाही. आणि ती टीक… ती मीच काढली. त्यांनी सांगितलं, मी काढली. विचारायला हवं होतं, नाही विचारलं. सकाळी सांगते. सगळ्यांसमोर सांगते."

…

"मला भीती घालून काही होणार नाही. मी तशीही सांगणारच आहे."

…

बटण वर-खाली व्हायचं थांबलं. कोट हळूहळू मागे सरकला. एक पाऊल. दोन. वर केलेला हात चित्रात आला, खाली झाला. भिंत दिसायला लागली. मग फक्त भिंत. मग मेनू, आणि त्यावर ती चौकट अजून उघडी. खात्री आहे?

तिनं 'नाही' दाबलं. लागलीच दाबलं गेलं.

बारा वाजायला दहा मिनिटं होती. फोन वाजला. मालक.

"काय तमाशा लावलाय तिथं? तो मूर्ख इथं येऊन थरथर कापतोय. पुसलीस का?"

"नाही."

"तुला कळतंय का, मी तुझ्या दुकानाचं काय करू शकतो?"

"कळतंय. तुम्ही असं करा, मालक. तुम्हीच या. पासवर्ड सांगते मी, लिहून घ्या. गाडीत बसा. दांडा रिव्हर्सवर टाका. आणि तुमच्या हातानं पुसा."

पलीकडं श्वास ऐकू येत होता.

"या ना. मी दार उघडं ठेवते."

…

"मालक? पोलिसांनी गाडी दिली त्या दिवशी तुम्ही आत बसलात, आणि लगेच उतरून चालत घरी गेलात म्हणे. तुमचा मेहुणा गावभर सांगतोय. काय दिसलं होतं हो?"

फोन बंद झाला.

ती घरी गेली नाही. जाणार कशी, स्कूटर गेली होती. पण असती तरी गेली नसती. तिनं किल्ली काढून मुठीत घेतली, चारही दारं आतून लावली आणि त्याच सीटवर सकाळपर्यंत बसून राहिली. मागे वळून तिनं एकदाही पाहिलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "गरज काय? मागे कोण आहे ते मला माहीत होतं."

एवढं सांगून काका थांबले. रस्त्यावरून एक सायकल गेली. पुतण्यानं दाराची कडी चाचपून बघितली.

"सकाळी नऊला मी पोचलो," काका म्हणाले. "आता पुढचं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं."

फाटकाशी दादा होता, घामाघूम. बाबाची बायको होती. मालकांचा वकील होता, मालक नव्हते. गाडीतून एक पोरगी उतरली, डोळे लाल, केस पिंजारलेले, आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाली, "दोन गोष्टी लिहून घ्या. कॅमेऱ्याची सेटिंग बरोबर आहे. रिव्हर्समध्ये आवाज बंद करायची टीक काढलेली आहे. काढली मी, काढायला सांगितली मालकांनी. रात्री ही स्क्रीन पुसायला मला बोलावलं होतं. हे सगळं मी सही करून देते."

"अगं!" दादानं कपाळाला हात लावला. "पहिलं सांगितलंस तेवढं पुरे होतं. दुसरं कुणी विचारलं होतं? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेस?"

"धोंडा माझा, पायही माझा. पेन आहे का तुझ्याकडं?"

मग ती मावशीकडं वळली. त्या दुपारी तोंडातून न निघालेलं उत्तर तिनं आता दिलं. "मावशी, कॅमेरा मी बिघडवला नव्हता. टीक मी काढली होती. आणि बाबा झोपले नव्हते. ते शिट्टी वाजवत होते. शेवटपर्यंत. गाण्यामुळं आत ऐकू गेली नाही."

मावशी तिच्याकडं बघत राहिली.

"वाजवत होते?"

"हो."

"मी सांगत होते सगळ्यांना," मावशी म्हणाली. "मी सांगत होते." तिनं पदर तोंडाशी नेला, पण रडली नाही. ताठ झाली. वकिलाकडं वळून म्हणाली, "ऐकलंत? लिहा. झोपले होते म्हणून लिहिलंत, तसं हेही लिहा." मग पुन्हा ठिणगीला, "तुझ्यावर रागवायचं का नाही, ते मी सावकाश ठरवीन. पण आता माझ्याबरोबर घरी चल. रात्रभर उपाशी असशील."

"मालकाचं काय झालं?" पुतण्यानं विचारलं.

"खटला चालू आहे. शिट्टी वाजलीच नाही म्हणतो. मेहुणा साक्षीला येत नाही, आणि कुठल्याही उभ्या गाडीच्या मागून जात नाही. स्कूटर मात्र दुसऱ्या दिवशी कुणी तरी दुकानासमोर लावून गेलं. आणि 'राखणदार झोपला होता' हे वाक्य त्या कागदांतून गेलं. ते मी काढायला लावलं."

"पण काका, शिट्टी… तुम्हाला पटलं ते?"

"मी गाड्या तपासतो रे. रात्रीचं तिनं सांगितलं ते मी ऐकून घेतलं. लिहिलं नाही. शिट्टी मोजता येत नाही." काकांनी बंद स्क्रीनवर बोट ठेवलं. "मोजता येतं ते मोजलं."

रिव्हर्स टाकल्यावर स्क्रीनवर रंगीत रेघा येतात. हिरवी, पिवळी, आणि गाडीच्या सगळ्यात जवळ लाल. लाल रेघ म्हणजे इथं थांब. ती कुठं असावी याचे आकडे आतल्या मेनूत असतात. ठिणगीनं कंपनीचेच ठेवले होते, म्हणजे रेघ बंपरपासून वीतभर. त्या सकाळी काकांनी दांडा रिव्हर्सवर टाकला. चित्र स्वच्छ. भिंत, खडे, कुणी नाही. लाल रेघ मात्र वीतभर नव्हती. खूप मागे होती.

त्यांनी मेनूत आकडे बघितले. कंपनीचेच. आकडे बदलून बघितले, रेघ हलली नाही. परत पहिले टाकले, नाही हलली. जमिनीवर रेघ पडते तिथं खडूनं खूण केली, टेपचं एक टोक बंपरला लावलं आणि दुसरं ठिणगीच्या हातात दिलं. तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा तेच. अहवालात त्यांनी आकडा लिहिला आणि कारणाचा रकाना कोरा सोडला.

"किती भरलं?" भाचीनं अगदी हळू विचारलं.

काका गाडीतून उतरले. मागे गेले. बंपरला पाठ न टेकवता, पाय जुळवून, तिथं सरळ उभे राहिले.

"एवढं," ते म्हणाले. "एक माणूस उभा राहील एवढं."